चार वाजता आत येणारं कोण

९ फेब्रुवारी

ताई,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. हाताने लिहितेय, तेही मुद्दाम. दोन वर्षं आठ महिने आपण एकमेकींशी बोललो नाही आणि आता मी तिकीट चिकटवून कागद पाठवतेय, म्हणजे मला बहिणीच्या प्रेमाचं भरतं आलंय असं समजू नकोस. मेल करता आला असता. पण मेल ज्या मशीनवर लिहायचा ते तू लावून दिलेलं आहे, आणि त्यावर मी लिहिलेलं माझ्याआधी तू वाचतेस अशी मला अलीकडे शंका येते. शंका हा मी त्यातल्या त्यात सौम्य शब्द वापरलाय.

मुद्द्यावर येते. वरच्या खोलीतली दोन्ही मशीन बदलायची आहेत. (हो, तीच खोली. जिन्यावरून येताना तुझं डोकं आपटायचं तो कोपरा मी अजून घासून घेतलेला नाही.) मला एका मोठ्या रुग्णालयाच्या वेबसाइटचं काम मिळालंय. एकतीस मार्चला द्यायचं आहे. त्यांचे चित्रकार ज्या प्रोग्रॅममधून पानांचे आराखडे पाठवतात, तो तुझ्या लाडक्या, फुकटच्या लिनक्सवर उघडत नाही. तेव्हा आता मॅक घ्यावा, विंडोज घ्यावं, की आहे त्यातच ओढाताण करत राहावं, हा प्रश्न आहे. आपण दोघी मिळून वेबसाइटी बनवायचो तेव्हा असले प्रश्न तू पाच मिनिटांत निकालात काढायचीस. 'आपली पानं शेवटी ज्या सर्व्हरवर राहायला जातात तिथे लिनक्सच आहे, मग घरातही तेच असू दे.' मी मान डोलवायची. आता मान माझी आहे आणि निर्णयही माझाच.

तर नवं आणायच्या आधी जुन्यात काय काय चालतं ते बघावं म्हणून मी घरच्या इंटरनेटची गेल्या महिन्याभराची नोंद काढली. ताई, रोज दुपारी चार वाजता, म्हणजे चार म्हणजे चारच, बाहेरचं कोणीतरी आपल्या घरात येतं. अर्धा-पाऊण तास थांबतं आणि निघून जातं. रविवारीसुद्धा. पत्ता शोधला, तर तो तुझ्या शहरातला निघाला. आता तूच सांग, तुझ्या शहरात माझ्या घरात रस असणारं दुसरं कोण राहतं?

आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी मी एका दंतवैद्याचं पान केलं. पंधरा दिवसांच्या आत तोच निळा रंग, तीच मांडणी, कोपऱ्यातला तोच हसरा दात दुसऱ्याच एका दवाखान्याच्या पानावर दिसला. हसरा दात मी स्वतः काढला होता, चार दिवस खपून.

माझा एकच प्रश्न आहे. जाताना तू माझ्या मशीनमध्ये तुझ्यासाठी दार ठेवून गेलीस का? हो की नाही, कार्डावर कळवलंस तरी चालेल.

बाबा बरे आहेत. काचबिंदूने जेवढं नेलं तेवढं नेलं, आता जाण्यासारखं काही उरलेलं नाही. खाली त्यांच्या खोलीत ते जुनं बोलणारं मशीन घेऊन बसलेले असतात. तुझी आठवण काढत नाहीत.

— मी


१७ फेब्रुवारी

ताई,

आठ दिवस झाले. पोस्टमनला मी दोनदा हटकलं. आता तो मला लांबून बघूनच मान हलवतो.

तू उत्तर देत नाहीस तोवर मी माझी कामं थांबवणार नाही. मॅकच्या दुकानात जाऊन आले. तिथल्या विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, आधी काय वापरत होतात?" मी लिनक्स म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी जंगलातून लाकूडफाटा गोळा करून स्वयंपाक करते. मग त्याने रंग दाखवले. खोटं कशाला बोलू, रंग फार सुंदर दिसतात त्या पडद्यावर. अक्षरंही लोण्यासारखी. पण मी काउंटरच्या पलीकडे डोकावले, तर त्याचं स्वतःचं काम विंडोजवर चाललं होतं. मनात नोंद करून ठेवली.

विंडोजच्या दुकानातला म्हणाला, "सगळं जग यावरच बघतं." मी विचारलं, "तुमची मुलगी कशावर बघते?" तो म्हणाला, "ती फोनवर बघते." एवढंच एक वाक्य त्या दिवसभरात मला कुणीतरी खरं सांगितलं.

चौकातल्या दुरुस्तीवाल्या बाई तुला आठवत असतील. पांढरे केस, कानावर पेचकस, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता उघड्या मशीनकडे बघायची सवय. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही वेबसाइटी करता ना? मग एक घेऊन भागणार नाही. लोक कशावर उघडतील ते काय तुम्हाला विचारून उघडणार आहेत? चित्रं काढायला एक ठेवा, तपासायला तिन्ही ठेवा." मला वाटलं, तिन्ही दुरुस्तीला यावीत म्हणून म्हणत असतील. मग वाटलं, त्या तुला ओळखतात, तुझंच म्हणणं माझ्या गळी उतरवत असतील. मी हल्ली कुणाचंही वाक्य उलटंसुलटं करून पाहिल्याशिवाय आत घेत नाही.

चारची येजा चालूच आहे. मी ती बंद केलेली नाही. बघतेय. एक छोटीशी गंमत करून ठेवलीये. काय ते सांगणार नाही. तुला जर ती सापडली, तर मला लगेच कळेल, एवढंच लक्षात ठेव.

काल चारला पाणी प्यायला खाली उतरले. बाबांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आतून त्यांच्या मशीनचा तो चिरका आवाज येत होता, कुठलंतरी पान भराभर वाचणारा, आणि मध्येच बाबा हसले. मोठ्याने. असे ते माझ्याशी बोलताना कधी हसले ते मला आठवेना. गोष्ट वगैरे ऐकत असतील.

— मी


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'दार मी ठेवलेलं नाही.' चार शब्द. मी ते कार्ड टेबलावर ठेवून सकाळभर वाचलं. 'ठेवलेलं नाही' असं तू लिहितेस. 'मी येत नाही' असं कुठे लिहितेस? शाळेत असताना बरणी फुटली तेव्हा तू आईला म्हणाली होतीस, 'मी फोडली नाही.' फोडली मीच होती, पण फळीच्या काठावर ठेवली होती तू. तुझं खरं नेहमी असं नेमकं मोजून कापलेलं असतं.

म्हणून मी दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. बाबा बाकावर ऊन खात बसले होते तेवढ्यात. बाईंनी अर्धा तास सगळं चाळलं आणि पेचकस कानावर ठेवत म्हणाल्या, "दार बाहेरून फोडलेलं नाही. आतून उघडतंय कोणीतरी. रोज."

"आतून कोण?"

"ते मी कसं सांगू? घर तुमचं आहे."

घरात आम्ही दोघंच. मी आणि बाबा. तुला माहिती आहे मी काय केलं असेल. जेवताना सरळ विचारलं.

"बाबा, दुपारी चारला तुम्ही काय करता?"

"पाय मोकळे करतो."

"दार लावून?"

"खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारतो. धडपडलो तर कुणी बघायला नको."

आवाजात जराही कंप नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गल्लीबोळांचे नकाशे काढले, एका रेषेची चूक झाली तर अख्खा कागद फाडला, तो माणूस माझ्यासमोर वरणाची वाटी चाचपत सफाईदार खोटं बोलत होता. आणि लगेच विषय बदलून म्हणाले, "तुझ्या रुग्णालयाच्या पानावर वरून तिसरं बटण आहे ना, त्याला नाव नाही गं. मशीन नुसतं 'बटण' म्हणतं आणि गप्प बसतं. कशाचं बटण, ते आंधळ्याने कसं ओळखायचं?"

हे मात्र तुला सांगायलाच हवं. तू गेलीस तेव्हा तुला वाटलं असेल, न बघता वापरता येणारी पानं करणं ही तुझी एकटीची विद्या आहे आणि तुझ्यामागे मी नुसती रंग भरत बसेन. तसं झालेलं नाही. गेली दोन वर्षं माझं प्रत्येक पान बाबा कानाने तपासतात. कुठे अडलं ते रात्रीच्या जेवणात बरोबर सांगतात. आधी त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता असे बारकावे काढतात की मी थक्क होते. रुग्णालयाने मला निवडलं ते त्याच गुणावर. त्यांच्या समितीत एक सल्लागार आहेत, स्वतः दृष्टिहीन. ते म्हणाले, 'तुमच्या पानांवर माणूस कुठे अडखळत नाही.' तुझ्याशिवाय झालंय हे सगळं. फक्त मी आणि बाबा.

आणि आपण दोघींनी केलेल्या वाचनालयाच्या पानाबद्दल पुन्हा काही म्हणणार असशील, तर तेही एकदाच लिहिते. त्या पानाच्या तळाशी करणाऱ्याच्या नावाची एकच ओळ बसत होती. एकाच ओळीत दोन नावं कोंबली असती तर फोनवर ती तुटली असती. त्या पानाचं बक्षीस घ्यायला मी एकटी गेले, कारण त्या दिवशी तुला ताप होता. यात कट कुठे आहे?

आता मी ठरवलंय. वर चित्रांसाठी मॅक आणि तपासायला विंडोज. जुनं सगळं पुसून टाकायचं. सगळं म्हणजे सगळं.

— मी


५ मार्च

ताई,

झालं. मॅक आला, विंडोज आलं. वरची दोन्ही जुनी मशीन पुसली. आज सकाळी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शेजारच्या काकांबरोबर गेले होते, तेवढ्यात खालचंही पुसलं. त्यावर विंडोज घातलं, त्याचं बोलणारं साधन लावलं, छान स्वच्छ आवाज निवडला. तो चिरका आवाज एकदाचा गेला.

मी त्यांना आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर जो कोणी आत येतो त्याला सावध केलं गेलं असतं. तपासात असंच करावं लागतं.

आज चार वाजता मी वर नोंद उघडून बसले होते. चार वाजले. चार-पाच. चार-दहा. कोणी आलं नाही. कोणीसुद्धा नाही. म्हणजे माझं बरोबर होतं. जे काही होतं ते खालच्या मशीनमध्ये होतं, ते तूच बसवलं होतंस आणि आता ते संपलं. मला खूप हलकं वाटायला हवं होतं.

मग खाली गेले. बाबांच्या खोलीचं दार सताड उघडं. ते खुर्चीत बसलेले, दोन्ही हात कळांवर. दाबत काही नव्हते. मशीन त्या नव्या मधाळ आवाजात काहीतरी विचारत होतं, आणि बाबा त्याच्याकडे तोंड करून बसले होते, अनोळखी माणूस पत्ता विचारतो तेव्हा बसावं तसे.

"हा कोण आहे?" त्यांनी मला विचारलं.

"बाबा, नवीन सिस्टीम आहे. आवाज चांगला आहे ना?"

"आवाज चांगला आहे." मग म्हणाले, "माझ्या कळा कुठे गेल्या?"

मी म्हटलं, शिकाल हळूहळू, मी शिकवीन. त्यांनी मान हलवली. मग उठताना टेबलाचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला. दोन वर्षांत तो कधी लागला नव्हता.

जेवले. नेहमीपेक्षा कमी, पण जेवले. माझ्या पानांबद्दल आज काहीच बोलले नाहीत.

दंतवैद्याचंही कळलं. आपलं पान त्याने स्वतःच आपल्या मेहुण्याला देऊन टाकलं होतं. फोनवर बिनदिक्कत सांगितलं, 'घरातच आहे ना, काय बिघडलं?' हे एक तुझ्या नावावरून कमी करते. बाकीचं तसंच आहे.

— मी


१४ मार्च

ताई,

हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा जसं सुचेल तसं लिहितेय, मध्ये खाडाखोड असेल.

मी तुला म्हटलं होतं ना, एक गंमत करून ठेवलीये? ती अशी होती. रुग्णालयाच्या पानाची एक खोटी प्रत मी मुद्दाम सहज सापडेल अशी ठेवली. नाव दिलं 'अंतिम'. त्यात तातडीच्या रुग्णवाहिकेच्या नंबरच्या जागी माझा स्वतःचा मोबाइल नंबर घातला. म्हणजे तू ते पान चोरून कुठे वापरलंस, की फोन मला येणार आणि तू पकडली जाणार. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

परवा समितीसमोर पान दाखवायचं होतं. आदल्या दिवशी दोन नव्या मशीनांमध्ये फायली इकडून तिकडे करताना मी कुठली प्रत चढवली असेल? लांब टेबल, सात माणसं, मुख्य डॉक्टर मध्यभागी. त्यांनी मोठ्या पडद्यावर पान पाहिलं, 'वा' म्हणाले, आणि म्हणाले, "हा रुग्णवाहिकेचा नंबर आपला वाटत नाही. लावून बघतो." त्यांनी लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

ताई, तो तीनदा वाजेपर्यंत खोलीत कोणी हललं नाही. मी तो बंद करण्यासाठी पर्समध्ये हात घातला आणि घाईत चुकून उचलला. मग डॉक्टरांचा आवाज एकदा समोरून आणि एकदा माझ्या पर्समधून आला: "हॅलो, रुग्णवाहिका?"

तू तिथे असतीस तर टेबलाखाली गेली असतीस हसून. मला तेव्हा रडू येत होतं.

ते निभावलं असतं. पण मग ते दृष्टिहीन सल्लागार पुढे आले, कानाला यंत्र लावून डॉक्टरांची वेळ घ्यायचा फॉर्म भरायला लागले आणि अडकले. एकदा, दोनदा. शेवटी यंत्र बाजूला ठेवून म्हणाले, "हे तुमचं काम वाटत नाही. आधीच्या पानांवर कुणाचातरी हात फिरला होता. यावर फिरलेला नाही." मला दोन आठवड्यांची मुदत मिळाली, तीही त्यांच्या भलेपणामुळे.

घरी आले आणि तशीच बाबांच्या खोलीत गेले. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हटलं, "बाबा, खरं सांगा. माझी पानं कोण तपासत होतं?"

ते म्हणाले, "मीच."

"आणि तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुला ठाऊक आहे."

मग सगळं सांगितलं. तू गेल्यावर महिन्याभराने त्यांनीच तुला फोन केला. मशीन अडून बसलं होतं आणि मला सारखं हाका मारायची त्यांना लाज वाटत होती. तू म्हणालीस, बाबा, तुमच्या बाजूने दार उघडा, मी तेवढ्यापुरती येते. तेवढ्यापुरतीचं रोज झालं. चार वाजता तुम्ही दोघं माझी पानं उघडून बसायचात. त्यांच्या कानातल्या यंत्रातून तू त्यांना शिकवायचीस, इथे कान द्या, इथे बटणाला नाव नाही, इथे रकाना वाचला जात नाही. आणि ते रात्री मला सांगायचे, जसं काही त्यांचं त्यांनाच सापडलं. अडीच वर्षं मी तुझी विद्यार्थिनी होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दार बंद केलं असतंस."

न सांगता मी बंदच केलं होतं.

तुझं कार्ड मी पुन्हा काढून वाचलं. दार तू ठेवलं नव्हतंस. ते बाबा उघडत होते. शब्दान् शब्द खरा होता. मोजून कापलेला, पण खरा. मला तुझा रागही आला, हे लपवत नाही. तू सांगायला हवं होतंस. माझ्या घरात माझ्या नकळत तू रोज येत होतीस, भलेपणाने का होईना. हे मला अजून पचलेलं नाही, आणि कदाचित पचणारही नाही.

पण मला जे लिहायचं होतं, ज्यासाठी तीन कागद फाडले, ते वेगळं आहे. वाचनालयाच्या पानाच्या तळाशी दोन ओळी बसत होत्या. मी बसवून बघितल्या होत्या. फोनवरही तुटत नव्हत्या. सुंदर दिसत होत्या. मग तुझी ओळ काढली आणि जतन केलं. तुला ताप होता हे खरं, पण समारंभ आठ दिवस पुढे ढकलायचा का, असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं. ज्याने एकदा असं केलेलं असतं ना, त्याला मग सगळे तसेच दिसायला लागतात. तू माझं काहीतरी नेतेयस असं मला रोज वाटायचं, कारण तुझं मी नेलं होतं.

बाबा तुझी आठवण काढत नाहीत असं लिहिलं होतं. तेही खोटं. ते तुझं नाव माझ्यासमोर घेत नाहीत, एवढंच खरं.

दुरुस्तीवाल्या बाईंच्या मदतीने बाबांच्या मशीनवर मी पुन्हा लिनक्स घातलंय. चिरका आवाजही परत आणलाय. पण तू त्यांच्यासाठी बसवलेल्या कळा मला माहीत नाहीत. बाबांनाही शब्दांत सांगता येत नाहीत. ते बोटं दाखवतात, 'इथे असं दाबलं की वर जायचं', आणि तिथे काही होत नाही. त्या मला लिहून पाठवशील? माझ्यासाठी नको. त्यांच्यासाठी.

— बारकी


२६ मार्च

ताई,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. दोन कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. बावीस कळा, प्रत्येकीपुढे काय टाइप करायचं ते. वर मायना नाही, खाली सही नाही, माझ्या कबुलीवर अक्षर नाही. फक्त शेवटची ओळ: 'बाहेरून आत येण्याचा परवानगीचा शब्द या वेळी तू ठरव आणि तूच ठेव. मला कळवू नकोस. जेव्हा तुला चालेल तेव्हा तू उघड.'

स्वभाव जात नाही बघ. टाइप करायच्या आधी मी ते दोन्ही कागद दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेले आणि म्हटलं, यात भलतंसलतं काही नाही ना, बघा. त्यांनी ओळ न् ओळ वाचली आणि पहिल्यांदाच मशीन सोडून माझ्याकडे बघितलं. "सगळं बरोबर आहे," म्हणाल्या. "इतकं बरोबर मीसुद्धा लिहिलं नसतं." मला जरा रागच आला.

रविवारी सगळ्या कळा बसवल्या. बाबा शेजारी बसून एकेक दाबून बघत होते. सातवी कळ दाबल्यावर मशीनने वार आणि वेळ सांगितली, तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. त्या 'हं' वर मी चहा करायच्या निमित्ताने बाहेर गेले.

सोमवारी चारला मी शब्द टाइप केला, कानातलं यंत्र बाबांनी काढून ठेवलं. तू आलीस. ते तर तुला माहीतच आहे, पण मी तिथेच होते, हे तुला माहीत नव्हतं. मी उठून जाणार होते. पण तुम्ही दोघं काय बोलता हे ऐकायची मला इतकी उत्सुकता होती की मी पलंगाच्या कडेला श्वास धरून बसले. तुम्ही माझ्याबद्दल बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही वीस मिनिटं फॉर्मच्या एका रकान्याबद्दल बोललात. मग बाबा म्हणाले, "ती इथेच बसली आहे. केव्हाची." आणि तू थांबलीस. त्या चिरक्या आवाजाने पानाचं शीर्षक दोनदा वाचलं, तेवढा वेळ. मग तू म्हणालीस, "मग तिला म्हणावं, तारखेच्या रकान्याचं नाव बदल."

पावणेतीन वर्षांनी पहिलं वाक्य. मी बदललं.

दोन दिवसांत फॉर्म सुधारला. तिन्ही सिस्टीमवर तपासला. मॅकवर देखणा दिसतो, विंडोजवर ठसठशीत, आणि बाबांकडे तो दिसत नाही, ऐकू येतो. मला खरं तिथेच कळलं की तो झालाय की नाही. कोणती घ्यावी म्हणून मी दुकानं पालथी घातली, आणि कामाला आलं ते तू पंधरा वर्षांपूर्वी फुकट उतरवून घेतलेलं. पण मॅक परत देणार नाही. रंगांच्या बाबतीत तुझं काही ऐकणार नाही.

काल सल्लागारांनी फॉर्म पुन्हा भरला. एकदाही अडले नाहीत. यंत्र काढून म्हणाले, "आता हात फिरलाय." मी म्हटलं, "हो. दोन माणसांचा. नावं देते." मुख्य डॉक्टरांना तो फोन अजून आठवतो. मला बघितलं की त्यांचा हात खिशाकडे जातो.

आता हे पत्र कशासाठी, ते. पान सुरू झालंय, म्हणून आज चारच्या आधी बाबा म्हणाले, आपण खरा फॉर्म भरू, माझीच वेळ घेऊ. डोळ्यांची पुढची तपासणी आहे. मी फक्त बघत बसले. त्यांनी एकट्याने भरला. नाव, वय, विभाग, नऊ एप्रिल, सकाळी अकरा. 'सोबत कोण येणार' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं, मग स्वल्पविराम देऊन तुझं. मशीन म्हणालं, 'एकच नाव लिहा.' त्यांनी परत तीच दोन नावं लिहिली. मशीन परत तेच म्हणालं.

"हे कोणी ठरवलं, एकच?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आराखड्यात होतं."

"म्हाताऱ्याला दोघींनी धरून नेलं तर रुग्णालयाचं काय जातं?"

मी वर गेले, बदललं, खाली आले. आता दोन नावं चालतात. तिन्हीवर बघितलं.

फॉर्म भरून तयार आहे, पण पाठवायची कळ मी त्यांना अजून दाबू दिलेली नाही. तुला न विचारता तुझं नाव घालायचं नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मग विचार. चारला तू आलीस की ते आवाजात विचारता आलं असतं. पण तू नाही म्हणालीस तर मला बाबांसमोर ऐकायचं नव्हतं. म्हणून पुन्हा कागद.

नऊ एप्रिल, गुरुवार, सकाळी अकरा. येशील का?

तुझी,
बारकी